स्पॅनिश क्रियापद: बोलणारा कुठे उभा आहे?

स्पॅनिश शिकताना पहिले काही आठवडे सुखाचे जातात. लिहिलं तसं वाचायचं, ऐकलं तसं लिहायचं, आणि मराठी जिभेला जड जाईल असा उच्चार एखादाच. मग वर्गात क्रियापदाचा तक्ता येतो. स्पॅनिश भाषेची अकादमी मोजते त्याप्रमाणे त्यात सतरा ओळी असतात. साध्या विधानाच्या दहा, आपल्याकडे ज्याला नेमकं नाव नाही अशा 'सुबहुन्तिबो'च्या सहा, आणि आज्ञेची एक. प्रत्येक ओळीत पुरुष आणि वचनाप्रमाणे वेगळी रूपं, म्हणजे एका क्रियापदाची रूपं शंभराच्या घरात जातात. इथे बरेच जण धास्तावतात.

तक्ता पाठ करावाच लागतो. पण तो कोणत्या प्रश्नांची उत्तरं देतो हे आधी कळलं, तर पाठांतराला दिशा मिळते. स्पॅनिश क्रियापद दर वेळी दोन गोष्टी सांगत असतं. बोलणारा काळात कुठे उभा राहून घटनेकडे बघतो आहे, ही एक. आणि जे बोलतो आहे ते तो 'हे असं आहे' म्हणून स्वतःच्या जबाबदारीवर सांगतो आहे का, ही दुसरी. पहिलीतून काळ निघतात. दुसरीतून निघतं ते आपण शाळेत 'क्रियापदाचे अर्थ' या नावाने शिकलेलो असतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. परीक्षेपुरता पाठ केलेला तो धडा स्पॅनिशसाठी फार मोलाचा आहे, आणि मराठी माणसाने तो विसरून इंग्रजीच्या मार्गाने स्पॅनिशकडे जाणं हा मला उलटा प्रवास वाटतो. इंग्रजीत या अर्थभेदांची रूपं बरीचशी झिजून गेली आहेत. मराठीत ती रोज तोंडात असतात.

आधी थोडं रूपांविषयी. स्पॅनिश क्रियापदं 'आर', 'एर' आणि 'इर' या तीन शेवटांची असतात: आब्लार म्हणजे बोलणं, कोमेर म्हणजे खाणं, बिबिर म्हणजे जगणं किंवा राहणं. शेवट बदलला की पुरुष कळतो, म्हणून 'मी', 'तू' उच्चारावं लागत नाही. आपणही 'येतोस का?' एवढंच विचारतो. मात्र मराठी क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगतं, स्पॅनिश सांगत नाही. 'बोलतो' आणि 'बोलते' दोन्हींसाठी 'आब्लो'. भूतकाळात 'मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, फळ खाल्लं' असं कर्माच्या मागे धावणंही तिथे नाही. सगळ्यांना 'कोमी' पुरतं.

एक गोष्ट मात्र कानाला नवी आहे, आणि तिच्याकडे सुरुवातीलाच लक्ष द्यायला हवं. स्पॅनिशमध्ये शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर दिला यावरून काळ बदलतो. 'आब्लो' म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'मी बोलतो', शेवटच्यावर दिला तर 'तो बोलला'. 'कान्तारा' या रूपात मधल्या 'ता'वर जोर असेल तर 'गायला असता तर' या जातीचा अर्थ, आणि शेवटच्या 'रा'वर असेल तर 'तो गाईल'. एकाच अक्षरमालेत कल्पना आणि भाकीत शेजारी बसलेली असतात. मराठीत जोराने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान हा फरक सोडून देतो. तक्ता डोळ्यांनी पाठ करणाऱ्याला हे पुढे फार छळतं. मोठ्याने म्हणणाऱ्याला नाही.

आता काळ. खरी गुंतागुंत भूतकाळात आहे, कारण तिथे दोन साधे भूतकाळ शेजारी उभे असतात. एक 'प्रेतेरितो', दुसरा 'इम्पेर्फेक्तो'. मराठी वाचकाला हा भेद नवा नाही. 'त्या वर्षी आम्ही आजोळी गेलो' यातलं 'गेलो' म्हणजे 'फुइमोस', प्रेतेरितो. 'लहानपणी आम्ही आजोळी जायचो' यातलं 'जायचो' म्हणजे 'इबामोस', इम्पेर्फेक्तो. 'आम्ही आजोळी जात होतो, वाटेत गाडी बंद पडली' यातलं 'जात होतो' हेसुद्धा 'इबामोस'. म्हणजे आपला रीतिभूतकाळ आणि अपूर्ण भूतकाळ ही दोन्ही कामं स्पॅनिश एका रूपावर सोपवते. 'घर मोठं होतं', 'पाऊस होता', 'ती वीस वर्षांची होती' अशी वर्णनंही त्यातच.

यावरून विद्यार्थी एक चुकीचा नियम बांधतात: थोडा वेळ चाललेलं प्रेतेरितोत, बराच वेळ चाललेलं इम्पेर्फेक्तोत. तसं नाही. इबेरियन द्वीपकल्पावरची मुस्लीम सत्ता 711 मध्ये सुरू झाली आणि 1492 मध्ये ग्रानादा पडल्यावर संपली. ती जवळजवळ आठ शतकं टिकली, असं लिहिताना स्पॅनिश माणूस 'दुरो' हे प्रेतेरितोचं रूप वापरतो. आठ शतकं, तरी प्रेतेरितो. कारण आपण बाहेर उभे राहून त्या काळाची दोन्ही टोकं बघतो आहोत. उलट दाराची कडी वाजली तेव्हा कुणी क्षणभर जांभई देत होतं, तर ते देणं इम्पेर्फेक्तोत जाईल, कारण आपण त्या क्षणाच्या आत उभे आहोत आणि टोकं दिसत नाहीत. काळाच्या लांबीपेक्षा टोकं दिसतात की नाही, यावर निवड ठरते.

काही क्रियापदांत ही जागा बदलली की मराठीत शब्दच बदलावा लागतो. 'साबिया' म्हणजे 'माहीत होतं', 'सुपे' म्हणजे 'कळलं'. 'कोनोसिया' म्हणजे 'ओळखत होतो', 'कोनोसी' म्हणजे 'ओळख झाली'. 'नो केरिया' म्हणजे 'नको होतं', मनात नव्हतं. 'नो किसे' म्हणजे 'नाही म्हटलं', ठाम नकार दिला. अवस्था आतून पाहिली तर ती नुसती असते. बाहेरून, टोकासकट पाहिली तर तिची सुरुवात हीच एक घटना होते.

ग्वातेमालाचे लेखक आउगुस्तो मोन्तेरोसो यांची 'एल दिनोसाउरिओ' ही 1959 मध्ये प्रसिद्ध झालेली कथा मुळात फक्त सात शब्दांची आहे. त्या सात शब्दांत क्रियापदं दोनच. जागं होण्याचं क्रियापद प्रेतेरितोत आहे, आणि डायनोसॉरच्या तिथे असण्याचं इम्पेर्फेक्तोत. जागं होणं घडून संपलं. असणं कधी सुरू झालं, कधी संपेल, याचा पत्ता नाही. कथेतली सगळी भीती या दोन काळांच्या मधल्या फटीत आहे. शिवाय जागं कोण झालं हे कथा सांगत नाही, कारण क्रियापदात लिंग नाही आणि कर्ता गाळलेला आहे. मराठीत आणायची म्हटली तर 'जागा झाला' की 'जागी झाली' हे ठरवणं आलं. सुदैवाने आपल्याकडे 'जाग आली' हा प्रयोग आहे. तो वापरला की मूळ कथेतली संदिग्धता शाबूत राहते.

स्पॅनिश काळांचा सर्वांत सुंदर उलगडा करणारा माणूस स्पेनमधला नव्हता. आन्द्रेस बेयो 1781 मध्ये काराकासमध्ये, आजच्या व्हेनेझुएलाच्या राजधानीत, जन्मले. तरुण सिमोन बोलिवारना त्यांनी काही काळ शिकवलं. 1810 मध्ये त्याच बोलिवारांबरोबर ते वकिलातीच्या कामासाठी लंडनला गेले आणि जवळजवळ वीस वर्षं तिथेच राहिले. नंतर चिलीत स्थायिक झाले. चिली विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू, आणि त्या देशाची दिवाणी संहिता त्यांच्याच हातची. 1847 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या लोकांसाठी म्हणून स्पॅनिशचं व्याकरण प्रसिद्ध केलं. स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण आन्तोनिओ दे नेब्रिहा यांनी 1492 मध्ये सालामांकात काढलं होतं. तेव्हापासून साडेतीनशे वर्षं व्याकरणकार या भाषेला लॅटिनच्या साच्यात बसवत आले, आणि बेयोंची तक्रार नेमकी तीच होती.

त्यांनी काळांची नावंच नव्याने घडवली. वर्तमान, भूत, भविष्य हे तीन खुंटे आधी रोवले. मग बाकीचे सगळे काळ त्यांच्याशी असलेल्या नात्यावरून सांगितले: त्याच्या आधी, त्याच्या बरोबर, त्याच्या नंतर. इम्पेर्फेक्तोला ते 'को-प्रेतेरितो' म्हणतात, कारण तो दुसऱ्या भूतकाळी घटनेच्या सोबतीने असतो. फोन वाजला, त्याच वेळी मी जेवत होतो. 'आबिया कान्तादो', म्हणजे 'गायलो होतो', हा त्या सोबतीच्याही आधीचा, म्हणून 'आन्ते-को-प्रेतेरितो'. 'आब्रे कान्तादो', 'गाऊन झालेलो असेन', हा भविष्याच्या आधीचा, म्हणून 'आन्ते-फुतुरो'. आपल्याकडे मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त लाख्यात, वाख्यात अशी नावं येतात. ती रूपातल्या अक्षरावरून पडलेली आहेत. बेयोंची नावं पडली ती बघणाऱ्याच्या जागेवरून. मेक्सिकोच्या शाळांत मुलं आजही 'कोप्रेतेरितो' म्हणतात, आणि अकादमीच्या 2009 च्या मोठ्या व्याकरणात प्रचलित नावांशेजारी बेयोंची नावं दिलेली आहेत.

बेयोंच्या पद्धतीचा मराठी माणसाला सर्वांत मोठा उपयोग 'कान्तारिया' या रूपापाशी होतो. त्याला पूर्वी वेगळा अर्थ मानत, 'पोतेन्सिआल'. बेयो म्हणाले, हा साधा काळ आहे: 'पोस-प्रेतेरितो', भूतकाळातल्या बिंदूवरून पाहिलेलं भविष्य. उदाहरण घेऊ. 'तो म्हणाला, मी येईन.' मराठीत आपण त्या माणसाचे शब्द जसेच्या तसे ठेवतो आणि 'येईन असं म्हणाला' म्हणतो. त्याचं भविष्य भविष्यच राहतं. स्पॅनिश तसं करत नाही. 'दिहो के बेन्द्रिया': म्हणाला तो क्षण भूतकाळात गेला, म्हणून त्या क्षणापासून पुढे पाहणारं येणंही भूतकाळाच्या हिशेबात मांडायचं. 'मी आजारी आहे असं ती म्हणाली' यातला 'आहे' स्पॅनिशमध्ये 'होती' होतो. मराठी बोलणारा दुसऱ्याच्या जागी जाऊन उभा राहतो. स्पॅनिश बोलणारा आपल्याच जागेवरून सगळं मोजतो. माझ्या मते मराठीभाषकाची स्पॅनिश इथे जितकी अडखळते तितकी सुबहुन्तिबोतही अडखळत नसेल.

भविष्यकाळाबद्दल फार बोलायला नको. 'कान्तारे' हे रूप लॅटिनमधल्या 'गाण्याचं आहे मला' अशा जोडणीतून आलं. रोजच्या बोलण्यात त्याची जागा 'बोय आ कान्तार' या, 'गायला जातो' छापाच्या रचनेने बरीचशी घेतली आहे. पण जुनं रूप दुसऱ्या एका कामाला जोमात आहे: अंदाज. 'सेरान लास त्रेस' म्हणजे शब्दशः तीनचं भविष्य, आणि अर्थ 'तीन वाजले असतील'. आपणही 'आत्ता तो घरी असेल' म्हणताना भविष्यकाळाने वर्तमानाचाच अंदाज करतो. इथे मराठी माणसाला काहीच शिकायचं नाही.

आता सुबहुन्तिबो. बहुतेक पुस्तकं इथे याद्या देतात: इच्छा, शंका, भावना, गरज, उद्देश. याद्या वाढत जातात आणि विद्यार्थ्याचा धीर सुटत जातो. त्यापेक्षा सुरुवातीचा दुसरा प्रश्न हातात धरावा. बोलणारा ही गोष्ट 'असं आहे' म्हणून समोर ठेवतो आहे का? ठेवत असेल तर स्वार्थाचं रूप. ती नुसती मनात धरली असेल, मागितली असेल, नाकारली असेल, किंवा दुसऱ्या कशासाठी आधार म्हणून वापरली असेल, तर सुबहुन्तिबो. रूप करायला सोपं आहे: 'आर'वाल्यांत 'आ'च्या जागी 'ए', बाकीच्यांत 'ए'च्या जागी 'आ'. 'आब्ला' बोलतो, 'आब्ले' बोलावं. 'कोमे' खातो, 'कोमा' खावं.

'किएरो के बेंगास' म्हणजे 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे'. हे 'यावंस' मराठीत किती सहज येतं! आपला विध्यर्थ इथे जवळजवळ तंतोतंत बसतो. 'के एन पास देस्कान्से' हे मृताविषयी म्हणतात, आपल्या 'आत्म्यास शांती लाभो'सारखं, आणि 'देस्कान्से' सुबहुन्तिबोत आहे. मेक्सिकोत सप्टेंबरात स्वातंत्र्यदिनाला जो 'बीबा मेहिको'चा घोष होतो त्यातला 'बीबा' म्हणजे 'चिरायु होवो'. 'लाभो', 'होवो', 'करो' ही आपली रूपं आणि स्पॅनिश सुबहुन्तिबो एकाच जागेवरून बोलतात. 'ओहाला' हा शब्द तर अरबीतून आलेला, 'देवाच्या मनात असेल तर' अशा अर्थाचा, आणि त्याच्या मागोमाग कायम सुबहुन्तिबोच येतो.

इथवर सरळ आहे. अडचण येते ती 'मे आलेग्रो दे के एस्तेस आकी' अशा वाक्यात. 'तू इथे आहेस याचा मला आनंद आहे.' तू इथे आहेस हे तर खरंच आहे, डोळ्यांसमोर आहे, मग 'एस्तेस' हे सुबहुन्तिबो का? कारण तू इथे आहेस ही बातमी मी देत नाही. ती आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. मी सांगतो आहे माझा आनंद, आणि तुझं असणं हा त्या आनंदाचा फक्त आधार आहे. खरं-खोटं याच्याशी सुबहुन्तिबोचा थेट संबंध नाही; सांगणं आणि न सांगणं याच्याशी आहे. एवढं ध्यानात आलं की याद्यांमधली अर्धी कलमं आपोआप जागेवर बसतात. 'क्रेओ के बिएने', 'मला वाटतं तो येतोय': इथे मी येण्याचंच सांगतो आहे, थोडं सावधपणे. 'नो क्रेओ के बेंगा', 'तो येईल असं मला वाटत नाही': येणं सांगितलं जात नाही, बाजूला ठेवलं जातं. एक चाचणी उपयोगी पडते. वाक्याचे दोन तुकडे उलटवून पाहावेत. 'तो येतोय, मला वाटतं' हे चालतं, म्हणजे येणं हेच विधान आहे, म्हणून स्वार्थ. 'तो येतोय, माझी इच्छा आहे' हे चालत नाही, म्हणून सुबहुन्तिबो.

काही ठिकाणी मराठी हाच भेद क्रियापदाबाहेर दाखवते. समजा कुणी माचू पिच्चूला गेलं आहे आणि म्हणतं, 'मी मराठी येणारा गाइड शोधतोय.' यात दोन अर्थ आहेत. एक, असा एक ठरावीक गाइड आहे, तो कुठे गेला ते बघतोय. दोन, असा कुणी मिळतो का बघतोय, नसेलही. स्पॅनिशमध्ये पहिल्या अर्थी 'के साबे', दुसऱ्या अर्थी 'के सेपा'. मराठी दुसऱ्या अर्थासाठी 'एखादा' घालते: मराठी येणारा एखादा गाइड. आपल्या 'एखादा'मधली अनिश्चितता स्पॅनिश 'सेपा' या एका क्रियापदरूपात आणते.

पावसाचं उदाहरण मला याहून आवडतं. 'आउन्के युएबे, साल्गो': पाऊस पडतोय, हे तुला सांगतो, तरी मी निघतो. 'आउन्के युएबा, साल्गो': पाऊस पडला तरी निघतो, पडेल की नाही ते ठाऊक नाही. आणि हेच दुसरं वाक्य बाहेर धो धो कोसळत असतानाही म्हणता येतं. तेव्हा त्याचा अर्थ होतो, 'पाऊस पडेना का, मी निघणार.' 'पडेना का' मध्ये पाऊस नाकारलेला नाही, पण त्याला बातमीचा मान दिलेला नाही. बाहेर पाऊस एकच असतो आणि क्रियापद सांगतं की बोलणारा त्याला किती किंमत देतो.

'तू पोचलास की फोन कर' इथे मात्र दोन्ही भाषांच्या वाटा वेगळ्या होतात. पोचणं अजून घडलेलं नाही. मराठी ते घडून गेल्यासारखं भूतकाळाच्या रूपात ठेवते. स्पॅनिश 'कुआन्दो येगेस' म्हणत सुबहुन्तिबोत ठेवते. रोजच्या सवयीचं पोचणं असेल, 'तू पोचतोस तेव्हा मी झोपलेला असतो', तर तेच 'येगास' होतं, कारण सवय हे विधान आहे. आणि 'सि', म्हणजे 'जर', याच्या मागे वर्तमानकाळाचा सुबहुन्तिबो येत नाही. 'पाऊस पडला तर जाणार नाही' यासाठी 'सि युएबे'. तर्काने पाहता तिथेही तो यायला हवा होता, पण भाषेने तसं ठरवलं नाही आणि ते तसंच घ्यावं.

मग 'असतं तर'ची वाक्यं. 'सि तुबिएरा तिएम्पो, इरिया': आज वेळ नाही, असता तर गेलो असतो. 'सि उबिएरा तेनिदो तिएम्पो, आब्रिया इदो': काल वेळ नव्हता, असता तर गेलो असतो. मराठीत दोन्हींसाठी एकच वाक्य येतं आणि 'आज', 'काल' यांवरून अर्थ लावायचा. स्पॅनिशमध्ये ती दोन वेगळी जगं आहेत, एक अजून हातात नसलेलं, दुसरं कायमचं हातातून गेलेलं. इथे मराठीचा आधार सोडावा लागतो.

त्या 'तुबिएरा'ला 'तुबिएसे' असं जुळं रूप आहे. अमेरिका खंडात बोलताना 'रा'वालं जवळजवळ सगळं काम करतं. गंमत म्हणजे ते मुळात सुबहुन्तिबो नव्हतंच. लॅटिनमध्ये ते 'गायला होता' या पूर्ण भूतकाळाचं रूप होतं, आणि वर्तमानपत्री स्पॅनिशमध्ये 'एके काळी अध्यक्ष असलेले' अशा अर्थाने ते आजही डोकावतं. घडून गेलेल्याचं रूप न घडलेल्याकडे सरकलं. हा प्रवास अनेक भाषांनी केला आहे, कारण काळातलं अंतर आणि वास्तवापासूनचं अंतर बोलणाऱ्याच्या मनात शेजारीच असतात. तिसरं अंतर माणसामाणसांमधलं. 'एक कॉफी हवी होती' असं आपण दुकानात म्हणतो तेव्हा ती आत्ताच हवी असते. स्पॅनिश माणूस त्याच कारणाने 'केरिया' किंवा 'किसिएरा' म्हणतो.

आदराचंही तसंच. 'तू'साठी आज्ञार्थ आहे, पण 'उस्तेद'ला, म्हणजे 'तुम्ही-आपण'ला, सुबहुन्तिबोचं रूप द्यायचं: 'पासे', आत यावं, 'सिएन्तेसे', बसावं. 'उस्तेद' हा शब्द 'आपली कृपा' अशा जुन्या संबोधनातून झिजून आला, म्हणून त्याचं क्रियापद तृतीय पुरुषी. 'साहेबांनी बसावं' असं साहेबांना समोर ठेवूनच म्हणतात, तोच मार्ग. नकारात तर 'तू'लाही सुबहुन्तिबोच लागतो: 'आब्ला', बोल, 'नो आब्लेस', बोलू नकोस.

सुबहुन्तिबोला एक भविष्यकाळही होता. आज तो म्हणींत आणि कायद्यात उरला आहे. स्पेनच्या 1995 च्या दंडसंहितेत मनुष्यवधाच्या कलमात 'मातारे' हे रूप येतं, 'जो कुणी ठार करील' अशा अर्थाने. शेजारच्या पोर्तुगीजमध्ये मात्र हा काळ रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. गोव्यात पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या पिढीतल्या कुणाला विचारलं तर 'तू पोचशील तेव्हा'साठी ती व्यक्ती हेच रूप न अडखळता वापरेल. अशा घरातल्या माणसाला स्पॅनिशचा हा कोपरा परका वाटणार नाही.

एवढं सगळं शिकूनही भाषा वीसेक देशांत बोलली जाते, याचं भान ठेवावं लागतं. माद्रिदमध्ये आज दुपारी जेवलेला माणूस 'ए कोमिदो' म्हणतो, कारण त्याच्या लेखी आजचा दिवस संपलेला नाही. मेक्सिकोत किंवा ब्युनोस आयर्समध्ये तोच माणूस 'कोमी' म्हणेल. अर्जेंटिनात 'तू'साठी 'बोस' आहे आणि त्याची रूपंही निराळी: 'तेनेस' आणि 'सोस', जिथे पुस्तकात 'तिएनेस' आणि 'एरेस' असतं.

सर्वांत विलक्षण बदल अँडीज पर्वतातला आहे. बोलिव्हियातल्या ला पासमध्ये स्पॅनिशच्या शेजारी शतकानुशतकं आयमारा बोलली जाते. त्या भाषेत एखादी गोष्ट स्वतः पाहिली की दुसऱ्याकडून कळली, हे क्रियापदातच सांगावं लागतं. क्वेचुआतही तसंच. स्पॅनिशमध्ये त्यासाठी रूप नव्हतं. तिथल्या लोकांनी 'आबिया कान्तादो' हा काळ, बेयोंचा आन्ते-को-प्रेतेरितो, त्या कामाला लावला. सकाळी दार उघडल्यावर रस्ता ओला दिसला की ला पासचा माणूस 'आबिया योबिदो' म्हणतो. माद्रिदच्या माणसाला ते 'आधी पाऊस पडला होता' असं ऐकू येतं आणि कशाच्या आधी, हा प्रश्न पडतो. ला पासमध्ये त्याचा अर्थ 'पाऊस पडलेला दिसतोय' असा आहे. अनोळखी वाटलेला माणूस आपला जुना मित्र निघाला की तिथे 'आबियास सिदो तू' म्हणतात: 'अरे, तू होतास होय!' हे आपण ज्या स्वरात म्हणतो, त्याच स्वरात.